त्सुगारूच्या अलीकडे आणि पलीकडे

जपानच्या होक्काइदो आणि होन्शू या दोन बेटांमध्ये त्सुगारूची सामुद्रधुनी आहे. सगळ्यात चिंचोळ्या ठिकाणी तिची रुंदी जेमतेम २० किलोमीटर. १९८८ पासून तिच्या तळाखालच्या बोगद्यातून रेल्वे धावते. उत्तरेला, होक्काइदोच्या जंगलात ‘जे’ नावाचा जो पक्षी दिसतो, त्याचं डोकं तांबूस-नारिंगी, डोळे काळेभोर आणि चेहरा मवाळ. रेल्वेत बसून दक्षिणेला होन्शूवर या. इथल्या जे पक्ष्याच्या डोक्यावर पांढऱ्या-काळ्या रेघा, चोचीपासून डोळ्यांपर्यंत काळा पट्टा आणि त्या काळ्यात फिकट, जवळजवळ पांढरे डोळे. होक्काइदोचा पक्षी समोरच्या बेटावरच्या भाऊबंदापेक्षा हजारो किलोमीटर पश्चिमेला, सायबेरियात राहणाऱ्या पक्ष्याशी अधिक मिळताजुळता आहे. त्याची गणतीसुद्धा त्या सायबेरियन ब्रांटी गटातच होते. आणि या सगळ्यांचं शास्त्रीय नाव मात्र एकच: गॅरुलस ग्लँडेरियस, म्हणजे युरेशियन जे.

गेली काही वर्षं या एका पक्ष्याने मला धरून ठेवलं आहे. त्याचं कारण सांगायचं तर आधी पक्षीनिरीक्षकांच्या याद्यांबद्दल बोलायला हवं. आपल्याकडे पक्षी बघणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, ही मनापासून आनंदाची गोष्ट आहे. पण यादी वाढवायच्या घाईत एक सवय लागते. पक्षी एकदा दिसला, नोंद झाली, की तो संपला. कुमाऊंमध्ये बिनसरच्या जंगलात आमच्या गटातल्या एका काकांनी दुर्बीण खाली ठेवत म्हटलं, “हा कालच झाला की. पुढे चला.” काका माणूस प्रेमळ आणि पक्ष्यांचे खरे जाणकार, त्यामुळे माझं बोलणं त्यांच्यावर नाही. पण ते वाक्य मला अजून टोचतं. जो पक्षी आयर्लंडपासून जपानपर्यंत आणि मोरोक्कोच्या ॲटलास पर्वतापासून म्यानमारच्या डोंगरांपर्यंत पसरलेला आहे, ज्याच्या ३० हून अधिक उपप्रजाती मानल्या जातात, तो एका सकाळी ‘होतो’ कसा?

ज्यांनी हा पक्षी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जे हा कावळ्याच्या कुळातला. महाराष्ट्रात तो नाही; आपल्या रानातला त्याचा नातेवाईक म्हणजे टकाचोर. लांबीला साधारण ३४ सेंटीमीटर, वजनाला दीडशे ग्रॅमच्या आगेमागे. अंग गुलाबीसर तपकिरी, शेपूट काळी, चोचीच्या दोन्ही बाजूंना काळ्या मिशा. उडताना बुडाचा पांढरा भाग झळकतो. आवाज कर्कश, कापड टरकवल्यासारखा. पण हाच पक्षी घुबडाची, बहिरी ससाण्यांच्या भाईबंदांची बेमालूम नक्कलही करतो. आणि पंखावर निळा तुकडा. हा निळा तुकडा सगळीकडच्या जे पक्ष्यांवर आहे. बाकी चेहरा, टोपी, मानेचा रंग, डोळे, पंखावरचं पांढरं, हे सगळं प्रदेशागणिक बदलतं.

त्या निळ्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कामानिमित्त बर्लिनमध्ये राहत होते तेव्हा तिथल्या ग्रुनेवाल्डच्या जंगलात पायवाटेवर मला एक पीस पडलेलं दिसलं. बोटाच्या दोन पेरांएवढं. मधल्या कण्याच्या एका बाजूला साधा काळपट-राखाडी रंग, आणि दुसऱ्या बाजूला आडवे पट्टे: पांढरा, फिका निळा, गडद निळा, काळा, पुन्हा पांढरा. हे पट्टे अलगद एकमेकांत विरघळत जातात, एकही रेघ ठळक नाही. पीस फिरवून पाहिलं, तिरकं धरलं. मोराच्या पिसासारखा रंग बदलत नाही, निळा तो निळाच. मग ते उन्हाच्या समोर धरलं आणि पाठीमागून उजेड आला तसा निळा रंग नाहीसा झाला, उरला निव्वळ मळकट तपकिरी. त्या पिसात निळा रंग नसतोच. पिसाच्या तंतूंमध्ये केराटिनची, म्हणजे आपली नखं ज्या प्रथिनवर्गाची असतात त्याच पदार्थाची, अतिसूक्ष्म छिद्रांची रचना असते. त्या छिद्रांच्या आकारावर कुठला प्रकाश परतेल ते ठरतं. शेफील्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये क्ष-किरणांनी दाखवून दिलं, की एकाच तंतूच्या लांबीत जे पक्षी हा आकार टप्प्याटप्प्याने बदलत नेतो, म्हणून पांढऱ्यापासून निळ्यापर्यंतच्या छटा उमटतात. पीस पाहून झालं आणि मी ते होतं तिथेच ठेवलं. तिकडच्या कायद्याने रानपक्ष्यांची पिसं घरी न्यायची मुभा नाही.

बर्लिनच्या त्या जे पक्ष्याच्या डोक्यावर बारीक काळ्या रेघा होत्या, डोळे फिकट निळसर, आणि मिटलेल्या पंखावर पांढरा चौकोन. कुमाऊंतल्या पक्ष्याचं डोकं अगदी स्वच्छ, एकही रेघ नाही. सगळं अंगच लालसर गुलाबी, डोळे गडद, पंखावरचा तो पांढरा चौकोन गायब आणि त्या जागी निळ्याचा दुसरा तुकडा. एकाच महिन्यात दोन्ही पाहिले असते तर कुणीही हे दोन वेगळे पक्षी समजलं असतं. मधलं अंतर मोठं म्हणून आपण ते सोडून देतो.

हे सोडून न देणारी माणसं होती. अर्न्स्ट हार्टर्ट हा मूळचा हँबर्गचा जर्मन. १८९२ पासून तो इंग्लंडमध्ये ट्रिंग गावी वॉल्टर रॉथ्सचाइल्डच्या खासगी संग्रहालयात पक्ष्यांचा विभाग सांभाळत होता. जगभरातून आलेली कातडी, एका प्रजातीची शेकडो, पेटीत ओळीने मांडून तो तासन्‌तास बघत बसे. तिसरं नाव लावण्याची, म्हणजे प्रजातीच्या नावापुढे उपप्रजातीचं नाव जोडण्याची पद्धत इंग्लंडमधल्या जुन्या पक्षीतज्ज्ञांना मुळीच पसंत नव्हती. हार्टर्टने ती हट्टाने चालवली. ब्रिटनच्या जे पक्ष्याची पाठ मुख्य भूमीवरच्या पक्ष्यापेक्षा जरा लालसर आहे हे ओळखून १९०३ मध्ये त्याने त्याला रुफिटर्गम हे नाव दिलं. त्याच वर्षी उत्तर मोरोक्कोच्या पक्ष्याला. १९११ मध्ये विदर्बी या पक्षीतज्ज्ञाच्या जोडीने आयर्लंडच्या गडद पक्ष्याला. १९१८ मध्ये पूर्व हिमालयातल्या आणि आपल्या खासी टेकड्यांच्या बाजूच्या पक्ष्यांना. ट्रिंगच्या एका खोलीत बसून एका माणसाने आयर्लंडपासून मेघालयापर्यंतच्या जे पक्ष्यांचे बारकावे वेगळे काढले. रॉथ्सचाइल्डला १९३२ मध्ये संग्रह विकावा लागला आणि जवळपास २,८०,००० कातडी न्यूयॉर्कला गेली.

खासी टेकड्यांचा पक्षी मला फार महत्त्वाचा वाटतो. हार्टर्टने त्याला पर्सॅच्युरेटस म्हटलं, कारण त्याचा रंग हिमालयातल्या पक्ष्यापेक्षा गडद, दाट. १८३३ मध्ये कॉन्स्टँटिन ग्लोगर या शास्त्रज्ञाने एक गोष्ट मांडली होती, की एकाच प्रजातीचे दमट प्रदेशातले प्राणी-पक्षी कोरड्या प्रदेशातल्यांपेक्षा गडद रंगाचे असतात. चेरापुंजी आणि मौसिनराम ज्या टेकड्यांवर आहेत तिथे जे गडद असावा, आणि सतत भिजणाऱ्या आयर्लंडमध्येही जे गडद असावा, हा योगायोग नाही. गडद रंगद्रव्याची पिसं चिवट असतात. ओल्या हवेत पिसं कुरतडणाऱ्या जिवाणूंना ती सहजी दाद देत नाहीत, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. पाऊस पक्ष्याच्या अंगावर असा उतरलेला असतो.

आणखी एक नाव मराठी वाचकांच्या ओळखीचं निघेल. काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात भेटलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. भारतातल्या पक्ष्यांचा त्यांच्याइतका मोठा संग्रह त्या काळी दुसऱ्या कुणाचा नव्हता. सिमल्याच्या घरात तो ठेवलेला होता. म्यानमारच्या दक्षिणेतल्या तेनासेरीममधून आलेल्या पांढऱ्या चेहऱ्याच्या, काळ्या टोपीच्या जे पक्ष्याचं वर्णन त्यांनी १८७४ मध्ये केलं आणि त्याला ल्युकोटिस नाव दिलं. मग ते सिमल्याबाहेर असताना एका नोकराने त्यांची पक्ष्यांवरची हस्तलिखितं रद्दीत विकून टाकली. ह्यूम पक्ष्यांपासून मनाने उठले ते कायमचे. १८८५ मध्ये संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. तो बांधून न्यायला तिथले पक्षीतज्ज्ञ रिचर्ड शार्प स्वतः सिमल्याला आले होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्थेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. ते खरं म्हणजे पुण्याला व्हायचं होतं, पटकीच्या साथीमुळे हलवलं. पुढे १८९६ मध्ये याच शार्पनी ह्यूमच्या पक्ष्याचा जवळचा नातेवाईक, ओटेसी, वेगळा करून दाखवला. पक्षीशास्त्राने ह्यूमना गमावलं याची हळहळ मला अजूनही वाटते. राजकारणाच्या इतिहासात त्यांची भर मोठी आहे, तरीही.

इतकी नावं पाहिल्यावर एक शंका येते, आणि ती रास्त आहे. या ३० हून अधिक उपप्रजाती जमिनीवर खरंच आहेत, की कागदावर? दर बारा कोसांवर भाषा बदलते असं आपण म्हणतो. वऱ्हाडातून खानदेशात शिरताना बोली बदलली हे कानाला कळतं, पण ती अमुक गावाच्या वेशीवर बदलली असं कुणी बोट ठेवून दाखवू शकत नाही. युरोपातल्या जे पक्ष्यांचं पुष्कळसं तसंच आहे. स्पेनचा पक्षी, इटलीचा, ग्रीसचा, स्वीडनचा, प्रत्येकाला नाव आहे. पण एकाकडून दुसऱ्याकडे जाताना रंग हळूहळू सरकतो. पक्षीतज्ज्ञ डीन ॲमेडन यांनी १९४९ मध्ये ७५ टक्क्यांचा नियम स्पष्ट करून मांडला: एका भागातले किमान ७५ टक्के पक्षी शेजारच्या भागातल्यांपासून वेगळे ओळखता आले, तरच उपप्रजाती मानावी. १९५३ मध्ये विल्सन आणि ब्राउन यांनी तर उपप्रजातीची कल्पनाच मोडीत काढावी असं लिहिलं. एक लक्षण उत्तर-दक्षिण बदलतं, दुसरं पूर्व-पश्चिम. मग रेघ कोणत्या लक्षणावर ओढायची, हा त्यांचा सवाल.

माझं मत असं, की युरोपातल्या निम्म्या नावांवाचून काही अडणार नाही. पण म्हणून कल्पनाच फेकून द्यावी हे मला पटत नाही. कारण काही रेघा माणसाने ओढलेल्याच नाहीत. अभ्यासक या सगळ्या उपप्रजाती आठेक गटांत मांडतात: युरोपातला रेघाळ डोक्याचा, उत्तर आफ्रिकेतला तांबड्या मानेचा आणि पांढऱ्या गालांचा, तुर्कस्तान, क्रिमिया आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचा काळ्या टोपीचा, इराणच्या कॅस्पियन जंगलातला लहान चणीचा, ज्याचं वर्णन भारताच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८७३ मध्ये केलं, सायबेरियातला, जपानमधला, हिमालय-चीनमधला, आणि ह्यूमचा पांढऱ्या चेहऱ्याचा. या गटांमधला फरक छटेचा नाही. तो लांबूनसुद्धा कळतो.

नकाशा समोर घेऊन हे गट लावत गेलं की एक आकृती दिसू लागते. आयर्लंडहून निघा, युरोप ओलांडा, उरलवरून सायबेरियाच्या तैगात, म्हणजे तिथल्या सूचिपर्णी जंगलात, शिरा, अमूरच्या खोऱ्यातून खाली चीनमध्ये उतरा, तिथून पश्चिमेला वळून हिमालयाच्या उतारांनी काश्मीर आणि पाकिस्तानातल्या मरीपर्यंत या. मध्य आशियाची वाळवंटं आणि तिबेटचं उघडं पठार मधे ठेवून जे पक्ष्याने त्यांना वळसा घातलेला आहे. दुसऱ्या बाजूने तो कॅस्पियन समुद्राच्या जंगलापर्यंत येऊन थांबतो. मधल्या कोरड्या मुलखात त्याला झाडी नाही, म्हणून वळसा तिथे तुटतो. आपल्या कुमाऊंतला पक्षी त्या लांबलचक साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाजवळचा आहे. बिनसरमध्ये तो पुढ्यात बसलेला असताना हे माहीत असेल, तर “झाला की” म्हणून पुढे जाता येत नाही.

हे सगळे एकच की अनेक, हे तपासायची कसोटी निसर्गाने तीन ठिकाणी तीन प्रकारे लावली आहे. व्होल्गा आणि उरलच्या मधल्या पट्ट्यात युरोपियन आणि सायबेरियन पक्षी समोरासमोर येतात आणि त्यांची मिश्र संतती होते. १८७१ मध्ये बोग्दानोव यांनी अशाच मधल्या रूपाला वेगळं नाव दिलं होतं. आज पुष्कळ जण त्याकडे संकराचा पट्टा म्हणून पाहतात. तिथलं उत्तर मिळालं: दिसायला वेगळे, पण एकमेकांना परके नाहीत. दुसरी जागा आपला पश्चिम हिमालय. इथे युरेशियन जेबरोबर काळ्या डोक्याचा जे, गॅरुलस लान्सिओलेटस, त्याच बांजच्या, म्हणजे हिमालयातल्या ओकच्या, जंगलात राहतो. दोघांना मी एकाच झाडावर पाहिलंय, एकाच गोंगाट्या टोळीत. तरीही त्यांच्या जोड्या जमत नाहीत. रोज शेजारी राहून ते वेगळे राहिले, म्हणून ते निःसंशय दोन प्रजाती. तिसरी जागा त्सुगारू. तिथले पक्षी एरवी भेटतच नाहीत, त्यामुळे कसोटी लागत नाही आणि प्रश्न शास्त्रज्ञांच्या विचारावर सोडावा लागतो. हिमालय-चीनचा गट आणि पांढऱ्या चेहऱ्याचा गट स्वतंत्र प्रजाती मानावेत, असं म्हणणाऱ्यांचा आवाज अलीकडे वाढला आहे. मला तो पटतो.

पण २० किलोमीटरचं पाणी पंख असलेल्या पक्ष्याला अडवतं, यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. जे पक्षी पाण्यावरून उडायला नाखूश असतो. उत्तरेत ओकचं पीक बुडालं की शरद ऋतूत जे पक्षी मोठ्या संख्येने स्थलांतर करतात. स्वीडनच्या फाल्स्टरबो टोकावर असे थवे समुद्रापर्यंत येतात, घुटमळतात आणि अनेकदा मागे फिरतात. तरी इंग्लिश खाडी डोव्हरपाशी ३३ किलोमीटर रुंद, म्हणजे त्सुगारूपेक्षा बरीच जास्त, आणि तिच्या दोन्ही काठांवरच्या जे पक्ष्यांमध्ये फरक शोधायला हार्टर्टचाच डोळा लागतो. मग त्सुगारूतच एवढी दरी का?

उत्तर पाण्याच्या रुंदीत नाही, वयात आहे. ब्रिटन साधारण ८,००० वर्षांपूर्वीपर्यंत युरोपला जमिनीने जोडलेला होता. त्याआधी सगळा उत्तर युरोप बर्फात आणि उघड्या माळात होता. ओकचं जंगल दक्षिणेकडून वर सरकत आलं आणि त्याच्या सोबत जे आले. ताटातूट कालपरवाची आहे. शिवाय अधूनमधून भेटी होतात. १९८३ च्या शरदात खंडावरून जे पक्ष्यांची मोठी लाट ब्रिटनमध्ये शिरली होती. त्सुगारू मात्र खोल आहे, सगळ्यात उथळ उंबऱ्यावरही सुमारे १४० मीटर. शेवटच्या हिमयुगात जगभरचे समुद्र १२० मीटरच्या आसपास खाली गेले, होक्काइदो साखालीनमार्गे आशियाच्या भूमीला जोडलं गेलं आणि सायबेरियाचे प्राणी-पक्षी पायी-उडत तिथपर्यंत आले. पुढे मात्र अरुंद का होईना, पाणीच होतं. हाकोदातेत राहणारा इंग्रज व्यापारी थॉमस ब्लॅकिस्टन याने १८८३ मध्ये ही गोष्ट मांडली आणि ती रेषा त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या उत्तरेला तपकिरी अस्वल, दक्षिणेला काळं अस्वल आणि माकडं. सुतारपक्षीसुद्धा रेषेच्या दोन बाजूंना दोन. जे पक्ष्याचे ते दोन चेहरे एका जुन्या समुद्राची नोंद आहेत.

ओकचा उल्लेख वर आला तो सहज नव्हे. जे आणि ओक यांचं एकमेकांवाचून पान हलत नाही. शरदात एकेक जे पक्षी हजारो ओकफळं जमिनीत पुरून ठेवतो. गळ्यात काही भरायची, शेवटचं चोचीत धरायचं, आणि दूर कुठेतरी पालापाचोळ्याखाली एकेक ठोकून वर पान झाकायचं. कुमाऊंत बांजच्या फळांशी त्याची हीच लगबग मी पाहिली आहे. फळ खाली दाबून झाल्यावर तो मान वाकडी करून क्षणभर जागा निरखतो आणि मगच उडतो. न सापडलेल्या फळांची झाडं होतात. स्टॉकहोमच्या राष्ट्रीय नगर-उद्यानात २००६ मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडला: जे पक्ष्याची एक जोडी ओक रुजवण्याचं जे काम करते, ते माणसांकडून करून घ्यायचं तर बी टोकायला ३५,००० आणि रोपं लावायला १,६०,००० स्वीडिश क्रोनर लागतील. जर्मनीतले काही वनाधिकारी तर पाइनच्या लागवडीत ओक यावा म्हणून उंच पेट्यांमध्ये ओकफळं ठेवतात आणि पेरणी जे पक्ष्यांवर सोपवतात. मात्र उरलपासून पार अमूरच्या बाजूपर्यंत, सायबेरियाच्या त्या अफाट पट्ट्यात ओक नाही. तिथला जे पाइनच्या बिया, बोरं, किडे यांवर गुजराण करतो. ओकावाचून जगायला शिकलेला तो एक जे, आणि तोच पुढे होक्काइदोला पोचून पुन्हा ओकाच्या सावलीत आला.

आता आपल्याकडच्या मंडळींना एक विनंती. पुण्या-मुंबईहून दरवर्षी कितीतरी गट पांगोट, सातताल, बिनसर, चोपता असे फिरतात. मेघालयात जाणारेही आता कमी नाहीत. जे दिसला तर त्याचा फोटो पाठीवरून आणि बाजूने, सारख्या उजेडात काढा. ठिकाण आणि उंची लिहा. पंख उघडा मिळाला तर निळ्याचे तुकडे मोजा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदताना प्रजातीच्या खालचा गट निवडायची सोय असते, ती वापरा. कुमाऊंचा पक्षी आणि शिलाँगच्या बाजूचा पक्षी असे शेजारी ठेवून पाहिले, तर हार्टर्टला १९१८ मध्ये कातड्यांवर दिसलेला तो दाटपणा जिवंत पक्ष्यावर स्वतःच्या डोळ्यांनी तपासता येईल. माझ्याकडे कुमाऊंचे फोटो पुरेसे आहेत. खासी टेकड्यांचे कुणाकडे असतील तर मला ते बघायचे आहेत, आणि नसतील तर येत्या हिवाळ्यात मीच तिकडे जाईन.